तळहाताएवढी झीज

आमच्या घरात टायरबद्दल जितकं बोलणं झालं आहे तितकं माझ्या लग्नाबद्दलही झालं नव्हतं. बाबा आयुष्यभर एका टायर कंपनीच्या चाचणी ट्रॅकवर गाडी चालवत होते. नवे टायर चढवायचे, वळणावळणाच्या त्या बंद रस्त्यावर फिरायला लागायचं आणि टायरला टक्कल पडेपर्यंत थांबायचं नाही, ही त्यांची नोकरी. "लोक नोकरीसाठी जोडे झिजवतात, यांनी नोकरीतच टायर झिजवले," असं आई म्हणायची. बाबांना ते कौतुक वाटायचं. आई ते कौतुकाने म्हणत नसे, पण ते तिने त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

मी दातांची डॉक्टर आहे. स्वभाव तापट आहे, हे मला माहीत आहे आणि नवरा ते मला विसरू देत नाही. दवाखान्यात मात्र माझं बरं चालतं, कारण तिथे समोरच्या माणसाचं तोंड उघडं असतं आणि त्याला उलट बोलता येत नाही.

निवृत्त झाल्यावर बाबांनी स्वतःसाठी गाडी घेतली. काळी, बुटकी, दोनच दारांची. आत बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा एक बॅग, आईचा फोटो आणि ही गाडी एवढंच घेऊन आले. गाडी आमच्या इमारतीच्या मागच्या शेडमध्ये उभी राहिली आणि रोज सकाळी बाबा तिला घेऊन एक चक्कर मारून येऊ लागले.

गेल्या वर्षी त्यांनी तिला नवे टायर घातले. ते निवडायला त्यांना जितका वेळ लागला तितक्यात माणूस घर बांधून घेतो. मी विचारलं, "बाबा, असे काय वेगळे आहेत हे?" तो प्रश्न विचारला ही माझी चूक. साधा टायर कंजूष असतो, ते म्हणाले, रबर कडक, रस्त्याला जेमतेम शिवतो, म्हणून पन्नास हजार किलोमीटर जातो. हा उधळ्या आहे. मऊ रबर, वळणावर रस्ता घट्ट धरतो आणि धरताना स्वतः थोडा थोडा रस्त्यावर राहतो. पंचवीस हजार गेला तरी डोक्यावरून पाणी.

"म्हणजे जास्त चांगला तो लवकर संपतो?"

"लवकर म्हणजे किती, ते चालवणाऱ्यावर आहे. हवा कमी असली की कडा जातात, जास्त असली की मधला पट्टा जातो. चाकांची अलाइनमेंट बिघडली की आतली बाजू जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ऊन खातं, खडबडीत रस्ता खातो. पण सगळ्यात जास्त खातात माणसाचे हातपाय. वळणावरची घाई आणि उशिरा मारलेला ब्रेक. मला टायर दाखव, मी तुला मालकाचा स्वभाव सांगतो."

हेच बाबा मला गाडी शिकवत होते तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती. मी उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं म्हणून. "चाक आधी जरासं सुटू दे, मग वळव. उभ्या टायरला पिळायचं नाही." तेव्हा मी चांगली कॉलेजात होते.

नव्या टायरवरचे रबरी केससुद्धा झडले नव्हते तोच डोळ्यांच्या डॉक्टरांनी निकाल दिला. काचबिंदू. समोरचं दिसतं आहे, पण डावीकडची कड गेली आहे आणि ती परत यायची नाही. मी दवाखान्यातून बाहेर येतानाच बाबांना सांगितलं की गाडी चालवणं बंद. जिना उतरताना त्यांचा डावा खांदा कठड्याला लागला आणि त्यांनी कठड्याकडे असं बघितलं, जणू तो काल तिथे नव्हता.

घरी आल्यावर आमचा करार झाला. गाडी विकायची नाही, पण चालवायचीही नाही. "मीटरवरचा एक आकडा जरी पुढे सरकला, तरी किल्ली माझी आणि गाडी विकायची," मी म्हणाले. "चाक फिरता कामा नये."

"नाही फिरणार," बाबा म्हणाले. "पण इंजिन चालू करू देशील ना? नाहीतर बॅटरी बसते."

तेवढं मी कबूल केलं. दुसरी किल्ली माझ्याकडे होती, आणि मी अधूनमधून गुपचूप शेडमध्ये जाऊन मीटर बघून यायचे. नवरा म्हणायचा, "वडील आहेत ते तुझे, कैदी नाहीत." मीटर मात्र कधीच हलला नाही. मला अभिमान वाटायचा. माझ्या बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं मी दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनासुद्धा सांगून ठेवलं होतं.

तर झालं असं की शेडचे पत्रे बदलायला काढले आणि सगळ्यांना आपापल्या गाड्या बाहेर घ्यायला सांगितलं. बाबा तेव्हा माझ्या नवऱ्याबरोबर डोळे दाखवायला गेले होते. मीच गाडी काढली. फाटकापर्यंत येईस्तोवर पुढून आवाज यायला लागला, थप, थप, थप, आणि स्टिअरिंग त्या तालावर हातात उडायला लागलं. मला वाटलं पंक्चर. उतरून बघितलं तर पुढच्या दोन्ही टायरना एकेका जागी टक्कल. माझ्या तळहाताएवढा भाग, पार गुळगुळीत, बाकी सगळी नक्षी जशीच्या तशी, खाचा खोल. मागच्या टायरना तर नवेपणीचे रबरी केस अजून होते.

मी गाडीत डोकं घालून मीटर बघितला. तोच आकडा. पुन्हा बघितला. तोच.

शेडमध्ये परत गेले. गाडी उभी असायची तिथे पुढच्या चाकांच्या जागी जमिनीवर दोन काळे डाग होते, पंख्यासारखे पसरलेले, आणि त्यांच्या कडेला काळा चुरा. खोडरबराने खूप खोडल्यावर वहीवर पडतो तसा. मी चिमटीत घेऊन बघितला. रबरच होतं. गाडी हललेली नाही आणि टायर घासलेला आहे. माझं डोकं चालेना, आणि डोकं चालेनासं झालं की मला राग येतो. कुणावर काढायचा ते कळलं नाही म्हणून पत्रे बदलणाऱ्या माणसांवर काढला.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गाडी नेली. त्याने चाक वर घेतलं, हाताने हळूहळू फिरवलं, टकलावर थांबला आणि शीळ घातली.

"ब्रेक," तो म्हणाला.

"ब्रेकचं काय?"

"करकचून ब्रेक मारलाय ताई. चाकं जाम झाली आणि गाडी तशीच फरफटत गेली. दोन्ही टायर सारखेच गेलेत बघा. समोर कुणीतरी आलं असणार."

"कोण आलं असणार?"

"ते मी कसं सांगू? माणूस असेल, सायकल असेल. टायरवर एवढंच लिहिलेलं असतं."

"अहो, पण गाडी कुठे गेलेलीच नाही. मीटर बघा."

"मीटरचं मला विचारू नका. मी टायरवाला." मग त्याचा स्वतःचाच चेहरा बदलला. "पण या गाडीला एबीएस असणार. मग चाकं जाम व्हायलाच नकोत."

"म्हणजे?"

"म्हणजे मलाही कळत नाहीये."

"गाडी नुसती उभी राहिली तरी टायर बसतात म्हणे."

"बसतात. चपटे होतात, पण झिजत नाहीत. हे रबर गेलंय ताई, कुठेतरी सांडून आलंय."

कुठे सांडलं ते मला माहीत होतं, पण ते सांगून काही स्पष्ट होत नव्हतं. गाडी शेडमध्येच घसरली? शेड केवढी, गाडी केवढी. घसरायला जागा तरी हवी.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करतो. त्यामुळे त्याला आख्ख्या जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, पकडली गेलेली आणि अजून न पकडली गेलेली. "मीटर मागे फिरवता येतो," तो लगेच म्हणाला. "आमच्याकडे रोज येतात अशा केसेस."

"बाबा मीटर मागे फिरवतील?"

"मी तसं म्हटलं नाही. फिरवता येतो, एवढंच म्हणालो."

"मग ते काळे डाग?"

"गाडी जोरात सोडली की पडतात. पिक्चरमध्ये नाही का?"

सत्तरी उलटलेला माझा बाप पिक्चरसारखी गाडी सोडतो, कुणालातरी आडवं करता करता वाचतो, मग घरी येऊन मीटर मागे फिरवतो आणि आमच्याबरोबर शांतपणे चहा पितो. हे चित्र मला पटत नव्हतं आणि पुसताही येत नव्हतं. पुढचे दोन दिवस मी रस्त्यात जो लंगडताना दिसेल त्याच्याकडे बघत होते. औषधाच्या दुकानात विचारलं की इकडे एवढ्यात कुणाला गाडीचा धक्का वगैरे लागला का. दुकानदार म्हणाला, "का हो, तुम्हाला लागला का?" मी काहीतरी बोलून निघाले आणि ज्यासाठी गेले होते ती गोळी घ्यायची राहिलीच.

बाबांना सरळ विचारायचं धाडस होईना. त्याआधी पक्कं काहीतरी हातात हवं होतं, म्हणून मी गाडी घेऊन गेजकाकांकडे गेले. ट्रॅकवर बाबा टायर झिजवायचे आणि गेजकाका किती झिजला ते मोजायचे. खाचेत घालायचा छोटा गेज त्यांच्या खिशात अजूनही असतो. ते अंगणातच खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि टकलावरून अंगठा फिरवायला लागले. एकदा या दिशेने, एकदा त्या.

"टायरवाला म्हणाला ब्रेक," मी म्हणाले.

"गाढव आहे तो. ब्रेकने गाडी घसरली तर रबर लांबीनं सोलतं. इथे अंगठा लाव. खरखर जाणवते? आडवी आहे. आडवी पण नाही, गोल आहे. कुणीतरी उगाळल्यासारखं." त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. "गाडी पुढे गेली की लांबीनं जातं, वळणावर कडेनं जातं. हे गोल कसं गेलं?"

"तुम्ही सांगा."

"तीस वर्षं टायर मोजले, पण असा टायर..." मग त्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. "तुझा बाप असं करणार नाही."

"असं म्हणजे कसं?"

"कसंही. उस्ताद आहे तो. त्याच्या हातून टायर असा जाणारच नाही." आणि त्यांनी गेज खिशात टाकला. त्यांच्या मनात काहीतरी येऊन गेलं होतं आणि ते त्यांनी स्वतःच उडवून लावलं, एवढं मला दिसलं. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "चहा घे."

म्हणजे एकाने सांगितलं ब्रेक, पण ब्रेक असू शकत नाही. दुसऱ्याने सांगितलं मीटर, पण मीटरने टायर घासत नाही. तिसऱ्याने सांगितलं गोल, आणि चहा दिला. घरी आले तेव्हा माझ्यात विचार करायची ताकद उरली नव्हती. नुसता राग उरला होता, आणि तो अखेर बाबांवरच निघाला.

ते खिडकीपाशी बसून डोळ्यांत थेंब घालत होते. मी थेंब पूर्ण होईपर्यंतही थांबले नाही.

"बाबा, गाडीचे पुढचे टायर घासलेत."

त्यांचा हात थांबला. थेंब गालावर पडला.

"तुम्ही गाडी चालवता?"

"गाडी जागची हललेली नाही," बाबा म्हणाले.

"मग टायर घासला कसा?"

ते रुमालाने गाल पुसत राहिले. "तुला दिलेला शब्द मी मोडलेला नाही."

"मी शब्दाचं विचारत नाहीये. टायर कसा घासला ते विचारतेय. माझ्यासारख्या अडाण्याला नाही कळत. तुम्हाला कळतं ना? टायर दाखव, स्वभाव सांगतो म्हणायचात ना?"

"सांगण्यासारखं काही नाही त्यात."

या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. सांगण्यासारखं नाही, म्हणजे काहीतरी आहे. मी म्हणाले की गाडी विकायची. नवऱ्याच्या ओळखीचा एकजण उद्या संध्याकाळी बघायला येईल, किल्ली द्या. मला वाटलं होतं ते भांडतील. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "पण किल्ली उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू दे."

मी राहू दिली. त्या रात्री जेवताना पाण्याचा तांब्या बाबांच्या डाव्या हाताशी होता तो त्यांना दिसला नाही. मी तो उचलून उजवीकडे ठेवला. तेवढंही मला रागातच करता आलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात व्हायोलिन शिकवणारे एक गृहस्थ आले होते. दाढा दुखतात म्हणून. आरसा घालून बघितलं तर दाढांचे उंचवटे साफ गेलेले, वरून सपाट. या वयाला इतकी झीज होत नाही. मी विचारलं, काही कडक चावायची सवय आहे का?

"छे हो," ते तोंडातल्या आरशासकट म्हणाले. "वर्षभर मऊच खातोय. अर्धं तर न चावताच गिळतो. तरी झिजताहेत. बायको म्हणते, तुम्ही चोरून काहीतरी खाता."

"चोरून नाही खात," मी म्हणाले. हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते, पाठच आहे मला. "दात फक्त जेवतानाच झिजतात असं नाही. तुम्ही झोपेत दातावर दात घासता. पोटात काही जात नाही, जबडा जागच्या जागी फिरत राहतो, गोल गोल, आणि..."

मी थांबले. गृहस्थ आ वासून माझ्याकडे बघत राहिले. मला मात्र समोर शेडमधले ते दोन पंख्यासारखे डाग दिसत होते. गोल. जागच्या जागी. पोटात काही जात नाही, मीटर हलत नाही.

"आणि काय?" त्यांनी विचारलं.

मी बाईंना त्यांच्यासाठी पुढची वेळ द्यायला सांगितली, एप्रन काढला आणि निघाले. वाटेत मला वाटलं की समजलं, आणि पुढच्या चौकात वाटलं की काहीच समजलं नाही. कसं झालं ते कळलं होतं. पण का? ज्या माणसाने उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं म्हणून मला चापट मारली, तोच माणूस असं का करेल?

शेडमध्ये इंजिनाचा बारीक आवाज येत होता. नव्या पत्र्यांखाली गाडी उभी होती आणि तिची पुढची चाकं जमिनीवर करकरत वळत होती, डावीकडे, मग सरळ, मग हळूहळू उजवीकडे, अगदी टोकापर्यंत. आत बाबा. पट्टा लावलेला, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

मी किती वेळ तशीच उभी राहिले कुणास ठाऊक. मग डावीकडचं दार उघडून आत बसले. गुडघे हनुवटीला लागले.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "पट्टा लाव," ते म्हणाले. "सासूबाई येतेय."

"कोण?"

"वळण. ट्रॅकवरचं. तिच्यासमोर जाताना आवाज कमी करून जायचं, नाहीतर बाहेर फेकते." त्यांचा पाय हलला, इंजिनाचा आवाज उतरला, हात हळूच डावीकडे वळले, आणि आमच्या खाली टायर करकरला. मी पट्टा लावला. का लावला माहीत नाही. पुढे पाण्याची टाकी आली, मग कोपर नावाचं वळण, मग लांब सरळ रस्ता. तिथे बाबांनी मान जरा मागे टेकली आणि ते मला कित्येक महिन्यांत दिसले नव्हते इतके निवांत दिसले. फेरी संपली तेव्हा त्यांनी स्टिअरिंग सरळ केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"उभ्या टायरला पिळायचं नाही, असं मला कुणी शिकवलं होतं?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"मीच. म्हणून तर सांगितलं नाही. ट्रॅकवर असताना याच गोष्टीवरून पोरांना शिव्या घातल्यात मी. गेज्याला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही उरायची." ते हसले, पण नीट हसू आलं नाही. "म्हातारा माणूस उभ्या गाडीत बसून लहान पोरासारखा गाडी-गाडी खेळतो, हे काय लेकीला सांगायचं?"

"आणि डोळे मिटून?"

"डोळे उघडे ठेवले की डावी कड दिसत नाही." त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. "मिटले की दिसते. सगळा ट्रॅक दिसतो, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट. टाकीखाली तुझी आई डबा घेऊन यायची, ती जागासुद्धा. ती डावीकडेच आहे."

मी समोर बघत बसले. समोर भिंत होती.

"पण बाबा, तुम्ही तर उस्ताद. एकाच जागी घासून टायरला टक्कल पडतं हे तुम्हाला कळत नव्हतं? जराशी पुढे-मागे करायची गाडी. झीज वाटली गेली असती, कुणाला पत्ताही लागला नसता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते, म्हणून त्यांना पूर्ण मान वळवावी लागली.

"चाक फिरता कामा नये म्हणालीस ना तू," बाबा म्हणाले.

मला रडू आलं. मी लपवलंही नाही. जो टायर मी दारोदार घेऊन फिरले, ज्याच्यावरून माझ्या बापाला खोटारडा ठरवून मोकळी झाले, त्याच्यावर एवढंच लिहिलेलं होतं की ही गाडी एक इंचही हललेली नाही. हलली असती तर टक्कल पडलंच नसतं. तिघातिघांना विचारून मला एवढी साधी गोष्ट कळली नाही, कारण मला ती शोधायचीच नव्हती. मी त्यांनी काय केलं ते शोधत होते.

पर्समध्ये फोन वाजला. नवरा होता. गाडी बघायला येणारा माणूस लवकर येतोय, निघालाय. "त्याला सांग नको येऊस," मी म्हणाले. "का? काय झालं? चालवत होते ना ते?" नवऱ्याने विचारलं. मी म्हणाले, "हो, चालवत होते," आणि फोन ठेवला. घरी गेल्यावर त्याला समजावणं भाग होतं, ते मी नंतरवर टाकलं.

बाबा किल्लीकडे हात नेत होते. मी तो धरला.

"हे टायर आता किती जातील?" मी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर लगेच जुनी कंपनी आली. "रस्त्यावर? रस्त्यावर नेऊच नकोस या टकलावर, पुढचे दोन्ही बदलायला हवेत. शेडमध्येच राहिले तर..." त्यांनी जरा हिशेब केला. "शेडमध्ये माझ्यापेक्षा जास्त जातील."

"मग एकाच जागी नका झिजवू. गाडी वीतभर पुढे घ्या."

"काय?"

"वीतभर. रोज मी दुपारी जेवायला येईन तेव्हा. एक दिवस पुढे, एक दिवस मागे. झीज वाटून जाईल."

"चाक फिरेल," बाबा म्हणाले.

"फिरू दे."

त्यांनी आरसा नीट केला. मग पाय दाबला, गिअर टाकला. हात स्टिअरिंगवर गेले आणि आता त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. उघड्या डोळ्यांनी ते घाबरलेले दिसत होते. आयुष्यभर ट्रॅकवर गाड्या पळवणारा माझा बाप आमच्या शेडमध्ये वीतभर जायला घाबरला होता.

"डावीकडे बघ," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

मी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून बघितलं. शेडचा खांब होता, माझी स्कूटर होती, पत्रेवाल्यांनी विसरलेला एक हातमोजा होता.

"मोकळं आहे," मी म्हणाले.

गाडी वीतभर पुढे गेली आणि थांबली.